टो-बार घ्या, पॅकेज राहू द्या

मेलबर्नच्या पॉइंट कुकहून आलेल्या पत्राचा मजकूर थोडक्यात असा: पती-पत्नी दोघंही नोकरीत, मुलं चौदा आणि दहा वर्षांची. गेल्या वर्षी २०१८ची लँड क्रूझर २०० डिझेल घेतली. पुढचा बुलबार आणि टपावरचा रॅक आधीच्या मालकाने बसवलेला. आता ६८,००० डॉलरची कॅरॅव्हान मनात भरली आहे, एटीएम, म्हणजे सामानासकट व्हॅनचं कमाल वजन, २,८०० किलो. त्याआधी गाडीला टो-बार, म्हणजे व्हॅन जोडायचा मागचा लोखंडी दांडा, हवा, आणि त्याचे तीन भाव हातात आहेत. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्याकडचा वापरलेला बार ३५० डॉलर. नवा, चौकोनी रिसीव्हरचा (जोडाची जीभ आत सरकवायच्या पोकळ खोबणीचा) बार वायरिंगसह बसवून १,४५०. आणि एका दुकानाचं 'टोइंग पॅकेज' ९,४००, ज्यात बार, ब्रेक कंट्रोलर (गाडीतून व्हॅनचे ब्रेक चालवणारा), मागच्या स्प्रिंगमधल्या एअरबॅग, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आणि जीव्हीएम अपग्रेड (गाडीची वजनाची मर्यादा वाढवून घेणं) असं सगळंच आलं. पॅकेजला पाच वर्षांचं कर्ज ८.९ टक्क्यांनी मिळतंय, 'महिन्याला १९५ डॉलर तर पडतात.' घरकर्ज ६.१ टक्क्यांवर आहे आणि ऑफसेट खात्यात, म्हणजे जितकी शिल्लक तितक्या घरकर्जावरचं व्याज वाचवणाऱ्या खात्यात, ४१,००० डॉलर आहेत. मुख्य प्रश्न एकच, कोणता बार घ्यावा? शेवटी पत्नीची एक ओळ आहे: 'कॅरॅव्हानचंही काय ते स्पष्ट लिहा, हे ऐकत नाहीत.'

नमस्कार. टो-बारचं उत्तर सोपं आहे. मधला घ्या, १,४५०चा. त्याला एक चांगला इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर जोडा, बसवून आठशेच्या आसपास जाईल. एकूण २,२५० डॉलर, ऑफसेटमधून रोख. एवढे पैसे काढल्याने घरकर्जावर वर्षाला १३७ डॉलर व्याज जास्त पडेल, ते सोसा.

३५०चा बार का नको? वाचवलेले हजार डॉलर तुमच्याकडे राहतच नाहीत म्हणून. त्यात वायरिंग नाही, बोल्ट कुठले लागतात याचा पत्ता नाही, आणि आधीच्या गाडीला मागून ठोकर बसली होती का हे सांगणारा कोणी नाही. बारावर त्याची क्षमता लिहिलेली पट्टी असावी लागते; जुन्या बारावरची अनेकदा गंजलेली किंवा गायब असते. रविवारी दुपारी दुकानात उभं राहून ती पट्टी कापडाने घासत बसणं हा ज्याचा छंद आहे त्याने जरूर घ्यावा. तुम्ही नको.

रिसीव्हर पद्धतीचा घ्या म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. तुमची गाडी वाळूत जाणार. रुतलेली गाडी ओढायला टो-बॉलला, म्हणजे ज्यावर व्हॅन टेकते त्या गोळ्याला, पट्टा अडकवायचा नाही, कधीच नाही. तुटलेला बॉल गोळीसारखा सुटतो आणि ऑस्ट्रेलियात त्याने माणसं दगावली आहेत. चौकोनी रिसीव्हर असला की बॉलची जीभ काढून तिथे क्षमता लिहिलेला रिकव्हरी हिच, म्हणजे पट्टा अडकवायचा ठोकळा, सरकवता येतो. तो शंभर डॉलरच्या आत येतो, लगेच घेऊन टाका.

दुकानदार कदाचित बॉलऐवजी डीओ-३५ सारखा ऑफ-रोड कपलर (कच्च्या रस्त्यांसाठीचा जोड) सुचवेल. वस्तू उत्तम आहे, खाचखळग्यांत व्हॅन वाटेल तशी पिळवटली तरी जोड अडत नाही. पण तुम्हाला आत्ता साधा ५० मिलिमीटरचा बॉल हवा, ३,५०० किलोचा शिक्का असलेला. का, ते पुढे भाड्याच्या मुद्द्यात येईल.

आता पॅकेज. आधी कर्जाचं बोलतो, कारण ते दोन मिनिटांत संपतं. ९,४०० डॉलर, ८.९ टक्के, पाच वर्षं: एकूण ११,६८० भराल, म्हणजे २,२८० निव्वळ व्याज. मी जो बार आणि कंट्रोलर सांगतोय तो दोन्ही मिळून याहून स्वस्त आहे. ऑफसेटमध्ये ४१,००० असताना ८.९ टक्क्यांनी पैसे उचलण्यात काहीच हशील नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पॅकेजमधल्या बार आणि कंट्रोलर सोडून सगळ्या वस्तू या टो-बारचा खर्च नाहीत. तो त्या विशिष्ट २,८०० किलोच्या कॅरॅव्हानचा खर्च आहे, फक्त बाराच्या बिलात घुसवलेला. एकदा हे ९,४०० गेले की घरात बोलणं कसं होतं ते मला ठाऊक आहे: 'एवढं केलंच आहे, तर आता व्हॅन घेऊनच टाकू.' ६८,०००चा निर्णय असा मागच्या दाराने होऊ नये.

आणि ही व्हॅन तुमच्या गाडीला झेपते का? जाहिरातीत लँड क्रूझर ३,५०० किलो ओढते, ते खरंच आहे. बारावरही ३,५०० असेल, बॉलवरही. पण तुमची गाडी आधी दुसऱ्याच आकड्यावर अडते. २००ची जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन, ३,३५० किलो. गाडीचं स्वतःचं वजन, टाकी भरून, साधारण २,७४०. राहिले ६१०. बुलबार सत्तर किलो धरा, रॅक तीस, टो-बार स्वतः पस्तीस. तुम्ही चौघं मिळून २३०. शिल्लक २४५. आता व्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा बॉलवर टेकतो, म्हणजे २८०, आणि तो गाडीच्या वजनात मोजला जातो. झालं, तुम्ही ३५ किलोने बाहेर. अजून फ्रिज ठेवला नाही, कपड्यांची बॅग ठेवली नाही, कुकरही घेतलेला नाही. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, पण चूक झाली असेल तर तुमच्या बाजूने झाली असेल असं मला वाटत नाही.

बॉलवरचं वजन कमी ठेवून पळवाट काढायचा मोह होईल, म्हणून तेही सांगतो. ऊस मागे जास्त लादला की बैलगाडी उलाळ होते तशी व्हॅन उलाळ झाली, तर शंभरच्या वेगाने ट्रक ओलांडून जाताना ती शेपूट हलवायला लागते आणि गाडीलाही घेऊन जाते. दहा टक्के हे सोयीसाठी नाहीत.

शिवाय ते २८० किलो मागच्या चाकांवर २८० म्हणून पडत नाहीत. २००चा व्हीलबेस २.८५ मीटर. बॉल मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे असं धरलं तर मागच्या चाकांवर सुमारे ४०० किलो येतात आणि पुढची चाकं १२० किलोने हलकी होतात. म्हणजे जिथे स्टिअरिंग आहे तिथला भार कमी. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच यातला काही भार पुढे परत ढकलतो, तेवढा त्याचा उपयोग खरा. पण बॉलवरचं वजन त्याने नाहीसं होत नाही आणि जीव्हीएमचा एक किलोही वाढत नाही. एअरबॅगचंही तेच: गाडीची मागची बाजू उचललेली दिसते, मर्यादा आहे तिथेच.

जीव्हीएम अपग्रेडने मात्र मर्यादा खरोखर वाढते. उद्या ही व्हॅन घ्यायचीच ठरली तर तो खर्च टाळता येणार नाही, मीच तुम्हाला करायला लावीन. दोन गोष्टी तेवढ्या दुकानदाराकडून लेखी घ्या. तुमची गाडी नोंदणी झालेली आहे, त्यामुळे व्हिक्टोरियात व्हॅस इंजिनिअरचं, म्हणजे गाडीतले बदल तपासणाऱ्या मान्यताप्राप्त इंजिनिअरचं, प्रमाणपत्र लागेल. ते किमतीत धरलंय का? आणि जीसीएम, म्हणजे गाडी अधिक व्हॅन असं एकत्रित वजन, ६,८५० किलोच राहतं की तेही वाढवून मिळतं? ते तिथेच राहिलं तर गाडीत वाढवलेला प्रत्येक किलो ओढायच्या वजनातून वजा होतो. गाडी ३,८०० किलो भरली की मागे ३,०५०च उरले. बदल विमा कंपनीलाही कळवावा लागतो. वजनाबाहेर असताना अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

आता तुमच्या पत्नीच्या ओळीकडे येतो.

६८,००० सात वर्षांच्या कर्जाने, ९ टक्के धरून, महिना १,०९४. एकूण ९१,९०० भराल. सात वर्षांनी व्हॅन ३५,०००ला गेली असं उदारपणे धरू. म्हणजे वर्षाला ८,१०० आटले. विमा, रेगो (नोंदणी शुल्क), बेअरिंग-ब्रेकची सर्व्हिस, टायर, आणि सात मीटरची व्हॅन पॉइंट कुकच्या ड्राइव्हवेत मावत नाही म्हणून जागेचं भाडं, यांना वर्षाला ३,००० धरले. झाले ११,१००. डिझेल मी मोजलंच नाही. ते भाड्याच्या व्हॅनलाही लागणार. मोठी व्हॅन मागे असली की शंभर किलोमीटरला अठरा-वीस लिटर सहज जातं.

तुमच्या रजा वर्षाला वीस दिवस. त्यातल्या एका वर्षाआड जवळजवळ सगळ्या डिसेंबरात भारतवारीला जातात. आईवडील तिकडे आहेत, तर त्या जायलाच हव्यात. शाळेच्या सुट्ट्या आणि लाँग वीकेंड धरून व्हॅनमध्ये वर्षाला चोवीस रात्री निघाल्या तरी मी टोपी काढेन. रात्रीला १७० डॉलर भाडं धरलं तर ४,०८०. विकत घेणं परवडायला वर्षाला पासष्ट रात्री लागतात. निवृत्त जोडपी हिवाळाभर क्वीन्सलंडला जाऊन राहतात, त्यांचं गणित जमतं. नोकरी आणि शाळा असलेल्या घराचं जमलेलं मी क्वचितच पाहतो. मधला वर्षाला सात हजारांचा फरक ऑफसेटमध्ये पडू द्या. थोरला चार वर्षांत युनिव्हर्सिटीत जाईल.

आणि म्हणूनच बार आणि कंट्रोलर घ्या असं सुरुवातीला म्हटलं. भाड्याने व्हॅन देणारे बहुतेक जण तुमच्या गाडीला बार, ५० मिलिमीटरचा बॉल आणि कंट्रोलर असेल तरच किल्ली देतात. ७५० किलोच्या वर ब्रेक लागतातच, आणि चाकांवरचं वजन २,००० किलोच्या पुढे गेलं की सगळ्या चाकांना ब्रेक आणि जोड सुटल्यास आपोआप लागणारी यंत्रणा सक्तीची आहे. बुकिंग करताना प्लग कोणता तेवढं विचारा, बारा पिनचा चपटा की सात पिनचा; अडॅप्टर वीस-तीस डॉलरला मिळतो, पण शनिवारी सकाळी दुकान शोधत फिरू नका.

एक उपप्रश्न राहिला. 'मित्र म्हणतो एबीएन (धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढलंय तर टो-बार धंद्यात दाखव.' तुमच्या शनिवार-रविवारच्या वेबसाइट बनवण्याच्या कामाला कॅरॅव्हान ओढावी लागत नाही. खाजगी वापराची वस्तू, वजावट नाही. मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

हा सल्ला पत्रातल्या माहितीपुरता सर्वसाधारण आहे. मोठा निर्णय घेण्याआधी तुमच्या सल्लागारासमोर सगळी कागदपत्रं ठेवा.

तर मार्चमधल्या लेबर डेच्या लाँग वीकेंडला १,८००-२,००० किलोच्या आतली व्हॅन भाड्याने घ्या आणि ग्रँपियन्सला हॉल्स गॅपपर्यंत जाऊन या, अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे. निघताना, सगळे आत बसलेले असताना, सार्वजनिक वजनकाट्यावर थांबा. आधी गाडीची पुढची चाकं, मग मागची, मग व्हॅन, अशी तीन वजनं वेगवेगळी करून घ्या. पुढच्या-मागच्याची बेरीज ३,३५०च्या आत हवी आणि मागच्या ॲक्सलचा आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. पावती मला पाठवा. ९,४००च्या पॅकेजमधलं काही लागतं का, ते त्यावरून पाहू.