रूथ, तू त्या दिवशी हो म्हणाली नाहीस त्याबद्दल

प्रिय रूथ,

रविवारी येशूच्या बाप्तिस्म्याची उपासना होती, पाळकबाईंनी सगळ्यांना उभं करून बाप्तिस्म्याची वचनं परत विचारली, हिरव्या फांदीने पाणी शिंपडलं, आणि तू माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून उभी. मग गाडीत म्हणालीस, "बाबा, मी बाळ होते, मला कोणी विचारलं होतं का? तुम्ही दिलेलं प्रॉमिस मी का पाळायचं?" मला लागलं ते. पण प्रश्न बरोबर आहे म्हणूनच लागलं असणार.

मलाही कोणी विचारलं नव्हतं गं. नाशिकला शरणपूरच्या चर्चमध्ये माझ्या वतीने आजी-आजोबा हो म्हणाले आणि झालं. मला आठवतं ते आमच्या घरचं नाताळ संपणं. ६ जानेवारी झाली की काका स्टूलावर चढून चांदणी उतरवायचे, कागद फाटलेला असायचा पण कामट्या जपून माळ्यावर ठेवायचे, पुढच्या वर्षी नवा घोटीव कागद लावायला. करंज्या कधीच संपलेल्या, डब्याच्या तळाशी शंकरपाळ्यांचा चुरा. शेजारच्या काकूंची ताटली आमच्याकडे राहिलेली असायची, रिकामी कशी परत करायची म्हणून आजी ती ठेवून घ्यायची, तेवढ्यात संक्रांत यायची आणि काकूच तिळगूळ घेऊन हजर, मग अजून एक ताटली.

त्याच आठवड्यात आजीची उपकारस्तुती असायची. जेवणं झाली की सतरंजीवर बसायचं आणि प्रत्येकाने वर्षातला एकेक उपकार मोठ्याने सांगायचा. काकांची प्रेसमधली नोकरी पक्की झाली, आत्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, मामाच्या द्राक्षांवर गारपीट झाली नाही. मी झोपेत पेंगत "बॅट मिळाली" म्हणायचो आणि आजी त्यालाही तेवढ्याच मनापासून आमेन म्हणायची. शेवटी ती म्हणायची, "आणि प्रभू, आम्ही काही करायच्या आधीच तू आम्हाला आपलं म्हटलंस." बाप्तिस्मा म्हटलं की माझ्या डोक्यात अजून हेच येतं. संडे स्कूलमध्ये यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला ती गोष्ट ऐकताना मला गोदावरीवरचं रामकुंडच दिसायचं, दगडी पायऱ्या, साड्या पिळणाऱ्या बायका, आणि त्या गर्दीत कुठेतरी उभा असलेला येशू. त्याने तोवर ना कोणाला बरं केलं होतं ना काही शिकवलं होतं, तरी आकाशातून वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र.

म्हणजे मला वाटतं की वचन नंतर येतं, आधी मिळालेलं असतं. पण हेही खरं की कधीकधी मी चर्चमध्ये हो म्हणतो ते आजीसाठी म्हणतो की स्वतःसाठी, मला कळत नाही. म्हणून तुझ्यावर जोर कसा करू?

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक माहीत आहेत ना, आजी सांगते त्या. त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली वर्षं किती ओढाताण झाली, तरी नवऱ्याने घेतला म्हणून मीही घेते असं त्यांनी केलं नाही, स्वतःला पटलं तेव्हाच हो म्हणाल्या. तुला त्या आवडतील असं वाटतं.

तर पुढच्या वर्षीही गप्प राहायचं असेल तर राहा, मी कोपराने ढोसणार नाही. तुझं हो ऐकायला मला आवडेल हे मात्र लपवत नाही. उपकारस्तुतीला आपण इथेही बसू या का, शुक्रवारी जेवण झाल्यावर? बॅटसारखं काहीही चालेल, खरंच.

आणि आजीचा फोन आला की तिला पणजोबांचं विचार. त्यांनी मोठेपणी बाप्तिस्मा घेतला, घरच्यांनी परत दारात उभं केलं नाही. त्यांना विचारलं गेलं होतं रूथ, आणि ते काय म्हणाले ते आजीनेच सांगावं, मला तिच्यासारखं सांगता येत नाही.

तुझा,
बाबा