एकच कीवर्ड, दोन अकाउंट

प्रश्न: आमच्या एकाच वेबसाइटसाठी गूगल ॲड्सची दोन अकाउंट्स आहेत, एक आम्ही बघतो, एक एजन्सी. दोन्हीकडे कीवर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते) जवळजवळ तेच. आपणच आपल्याविरुद्ध बोली लावतोय का? की दोनदा दिसतो म्हणून फायदाच आहे?

उत्तर: दोनदा दिसायचा फायदा आधी डोक्यातून काढा. एकाच बिझनेसच्या दोन जाहिराती एकाच जागी एकावेळी दाखवायच्या नाहीत असा गूगलचा नियमच आहे, आणि त्यासाठी मुद्दाम वेगळी अकाउंट्स काढलीत तर सस्पेंड व्हायची वेळ येऊ शकते. २०२५ मध्ये त्यांनी एवढं स्पष्ट केलं की सर्चच्या पानावरची वरची जागा आणि खालची जागा यांचे जाहिरातींचे लिलाव वेगळे, त्यामुळे वर एक नि खाली एक असं दिसू शकतं. पण ते एका अकाउंटमधूनही होतं, त्यासाठी दुसरं कशाला?

खरं नुकसान डेटाचं होतं. कन्व्हर्जन (जाहिरातीवरून आलेली खरेदी किंवा चौकशी) दोन्हीकडे वाटली जातात, मग स्मार्ट बिडिंगला, म्हणजे आपोआप बोली ठरवणाऱ्या गूगलच्या यंत्रणेला, दोन्हीकडे अर्धवटच शिकायला मिळतं, आणि एकाच गिऱ्हाइकावर दोघंही हक्क सांगतात (एजन्सीचा रिपोर्ट छान दिसायचं कारण कधीकधी हेच असतं बरं का!).

दोन्ही ठेवायचीच असतील तर शहरं वाटून घ्या, नाहीतर प्रॉडक्ट वाटून घ्या आणि एकमेकांचे कीवर्ड निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) टाका. मॅनेजर अकाउंटखाली (अनेक अकाउंट्स एकत्र सांभाळायचं अकाउंट) जोडून कन्व्हर्जन ट्रॅकिंग एकच करा. मी असतो तर सरळ एक बंद केलं असतं, आणि चालू ठेवताना जास्त कन्व्हर्जन हिस्ट्री असलेलं ठेवलं असतं, कारण ती हिस्ट्री दुसरीकडे नेता येत नाही.