जिनिंगच्या एसक्यूएल सर्व्हरसाठी आरडीएस कस्टम घ्यावं का? काय लागतं आणि कुठं अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणघाटकडं जिनिंग आहे, काटापावती, गाठी आणि शेतकऱ्यांचे चुकारे एकाच एसक्यूएल सर्व्हरवर आहेत, लाइन सारखी जाते, आणि सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "साधं आरडीएस चालणार नाही, मला सिसॲडमिन आणि विंडोजचं लॉगिन पाहिजे." म्हणून ॲमेझॉनचं आरडीएस कस्टम घ्यायचं का? (आरडीएस म्हणजे ॲमेझॉन सांभाळतं ती भाड्याची डेटाबेस सेवा, कस्टम म्हणजे तिचाच प्रकार, ज्यात सर्व्हरच्या आतही जाता येतं.)

भाऊ, पैसे भरायच्या आधी त्याला एकच विचारा: सिसॲडमिन (एसक्यूएल सर्व्हरवरचे पूर्ण अधिकार) नेमकं कशासाठी? सीएलआर असेंब्ली (डेटाबेसमध्ये चालणारा डॉटनेटचा कोड), एक्सपी-सीएमडीशेल (डेटाबेसमधून विंडोजच्या कमांड चालवणं) किंवा सर्व्हरवर एखादा ड्रायव्हर बसवायचा आहे, असं उत्तर आलं तर त्याची मागणी खरी आहे. साध्या आरडीएसवर हे होत नाही. पण उत्तर "रात्रीचे जॉब लावायचे, जुना बॅकअप चढवायचा" एवढंच असेल तर कस्टमची गरजच नाही. साध्या आरडीएसवर एजंटचे (ठरल्या वेळी आपोआप चालणारे) जॉब चालतात आणि बॅकअप फाइल एस-थ्रीवर (ॲमेझॉनची फाइल साठवण) टाकून रिस्टोअरही करता येते. माझ्या मते बहुतेक ठिकाणी ही मागणी सवयीपोटी असते.

खरंच कस्टम लागत असेल तर आधी खर्चाचं बघा. यात एक्सप्रेस एडिशन मिळत नाही. वेब एडिशनचं लायसन्स लोकांसाठी खुल्या असलेल्या वेबसाइटपुरतं असतं, त्यामुळं तुमच्यासारख्या आतल्या हिशेबाला स्टँडर्ड घ्यावं लागेल. आज तुम्ही फुकटच्या एक्सप्रेसवर असाल तर हा फरक मोठा आहे.

तयारीत लोक अडकतात ते चार ठिकाणी. केएमएसची (ॲमेझॉनची एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सेवा) सिमेट्रिक की लागते, कारण एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. आयएएमचा (ॲमेझॉनची परवानग्यांची सेवा) रोल आणि इन्स्टन्स प्रोफाइल या दोन्हींची नावं एडब्ल्यूएसआरडीएसकस्टम या शब्दानंच सुरू व्हावी लागतात (इंग्रजीत AWSRDSCustom, मधे जागा न सोडता). दुसरं नाव दिलं की इन्स्टन्स (म्हणजे तुमचा भाड्याचा सर्व्हर) तयारच होत नाही. दोन वेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमधले (ॲमेझॉनच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमधले) सबनेट, म्हणजे नेटवर्कचे तुकडे, लागतात. आणि त्या सबनेटमधून सिस्टिम्स मॅनेजर (सर्व्हर दुरून हाताळणारी), क्लाउडवॉच (देखरेखीची), सिक्रेट्स मॅनेजर (पासवर्ड ठेवणारी), एस-थ्री वगैरे सेवांपर्यंत वाट लागते, एक तर नॅट गेटवेतून (इंटरनेटकडं जाणारं दार), नाहीतर व्हीपीसी (ॲमेझॉनमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) एंडपॉइंटमधून. एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट फुकट आहे, बाकीच्या एंडपॉइंटचं भाडं तासावर चढतं. हे हातानं जोडत बसू नका, ॲमेझॉनचा तयार क्लाउडफॉर्मेशन टेम्प्लेट (हे सगळं आपोआप उभं करणारी फाइल) चालवा.

इन्स्टन्स बनवतानाच टाइमझोन भारताचा निवडा. काही न निवडता सोडलं तर यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) लागतो, आणि सकाळी 9 वाजता उतरलेल्या गाडीच्या काटापावतीवर 3:30 छापून येतं.

आता कुंपणाचं. विंडोजचं लॉगिन मिळतं, पण ॲमेझॉननं आखलेल्या हद्दीत राहावं लागतं. तिला ते सपोर्ट पेरिमीटर म्हणतात. डेटाबेसच्या फाइली डी ड्राइव्हवरच ठेवायच्या. सी ड्राइव्हवर डेटाबेस ठेवला, सिस्टिम्स मॅनेजरचा एजंट बंद केला किंवा ईसी-टूच्या (ॲमेझॉनच्या भाड्याच्या मशीनच्या सेवेच्या) पानावर जाऊन डिस्क काढली-जोडली, तर इन्स्टन्स "अनसपोर्टेड कॉन्फिगरेशन" दाखवतो. तुम्ही चूक दुरुस्त करेपर्यंत त्याची जबाबदारी तुमची. एस-थ्रीमध्ये "डू-नॉट-डिलीट" ने सुरू होणारी एक बकेट दिसेल, ती खर्च वाचवायला म्हणून उडवू नका.

सी ड्राइव्हचा दुसरा धोका जास्त छुपा आहे. हंगाम वाढला म्हणून तुम्ही मोठा इन्स्टन्स क्लास (सर्व्हरचा आकार) निवडता, तेव्हा सी ड्राइव्ह नवा बसतो आणि सॉफ्टवेअरवाल्यानं तिथं टाकलेला ड्रायव्हर जातो. डी ड्राइव्ह राहतो. ड्रायव्हर कायम पाहिजे असेल तर तो आधीच बसवलेली इमेज (सर्व्हरचा तयार साचा) करून त्यावरून कस्टम इंजिन व्हर्जन बनवा. आणि क्लास बदलायचा तो दसऱ्याआधी, कापसाच्या गाड्या रांगेत असताना नाही.

काही बसवायचं असेल तर आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या, मग ऑटोमेशन (ॲमेझॉनची आपोआप देखभाल) पॉज करा. किमान 60 मिनिटं, कमाल 1440. तेवढा वेळ बिघाड झाला तर आपोआप सावरणं बंद असतं, म्हणून दिवसभराचा पॉज देऊ नका. डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. ती आपोआपही वाढत नाही, तेव्हा क्लाउडवॉचवर जागेचा अलार्म लावा. एसक्यूएल सर्व्हरसाठी रीड रेप्लिका (फक्त वाचायची जादा प्रत) नाही, मल्टी-एझेड (दुसऱ्या झोनमधला राखीव सर्व्हर) आहे. ऑटोमॅटिक बॅकअप बंद करता येत नाही, हे चांगलंच आहे.

तुमचं सगळ्यात मोठं अडेल ते मात्र इंटरनेटवर. जुनी क्लायंट-सर्व्हर सॉफ्टवेअर एका पडद्यासाठी शेकडो बारीक क्वेरी पाठवतात. गावातून मुंबई रीजनला एक फेरी 40 मिलिसेकंदांची धरली आणि पडदा 500 क्वेरी एकामागून एक टाकत असेल, तर नुसती वाटच 20 सेकंदांची. सर्व्हर कितीही मोठा घ्या, हे कमी होत नाही. उपाय म्हणजे सॉफ्टवेअरही त्याच व्हीपीसीतल्या विंडोज मशीनवर ठेवा आणि ऑफिसातून व्हीपीएनवरून रिमोट डेस्कटॉपनं वापरा. 1433 पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचं दार) इंटरनेटला उघडं ठेवू नका. काटा मात्र जागेवरच चालू द्या, लोकल एक्सप्रेसवर नोंद करून नेट आल्यावर वर पाठवणारा. 2022 पर्यंतच्या एक्सप्रेसला एका डेटाबेसमागे 10 जीबीची मर्यादा आहे, काटापावत्यांना ती पुष्कळ होते.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्याचा रात्रीचा "मेंटेनन्स जॉब" उघडून वाचा. त्यात अनेकदा रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा याची सेटिंग) सिंपल करून लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) श्रिंक, म्हणजे लहान, केलेला असतो, किंवा स्वतःचा लॉग बॅकअप घेतलेला असतो. दोन्हींनी लॉगची साखळी तुटते आणि "काल दुपारी 4 वाजताची स्थिती परत आणा" हे जमत नाही. मॉडेल फुल ठेवा, वेगळी प्रत हवीच असेल तर कॉपी-ओन्ली (साखळीला हात न लावणारा) फुल बॅकअप घ्या. सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात एकदा कालच्या वेळेवर रिस्टोअर करून बघा. तो नवीन इन्स्टन्समध्ये उतरतो, चालू डेटाला धक्का लागत नाही. तपासून झालं की तो डिलीट करा, नाहीतर स्टँडर्डचं भाडं दुप्पट चालू राहतं.