लो फॉडमॅप आहारात दुकानातला चिकन ब्रॉथ कसा निवडावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, आयबीएससाठी (आतड्यांचा जुनाट त्रास) लो फॉडमॅप आहार, म्हणजे नीट न पचता पोटात गॅस आणि दुखणं वाढवणाऱ्या काही कर्बोदकांना (फॉडमॅप) टाळणारा आहार, सुरू केलाय, अमेरिकेतल्या दुकानात मिळणारा खोक्यातला ब्रॉथ गाळलेला असतो, त्यात कांद्याचा तुकडाही दिसत नाही, मग तो चालायला हरकत काय? हरकत आहे, आणि ती का, हे एकदा कळलं की निवड सोपी होते.

कांदा-लसणात त्रास देतं ते फ्रुक्टान, फॉडमॅपचाच एक प्रकार. ते पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. कांदा पाण्यात तासभर उकळला की फ्रुक्टान पाण्यात उतरतं. मग कांदा गाळून टाकला तरी उपयोग नाही. ब्रॉथ म्हणजे तेच पाणी, तेव्हा कांदा घालून केलेला ब्रॉथ कितीही नितळ दिसला तरी सध्या टाळा.

खोक्याच्या दर्शनी बाजूवरचं ‘ग्लुटेन फ्री’, ‘ऑरगॅनिक’, ‘बोन ब्रॉथ’ यातलं काहीही तुमच्या कामाचं नाही. खोका उलटा करा आणि घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. सुरुवातीला चिकन स्टॉक किंवा पाणी आणि चिकन, आणि मग बऱ्याचदा ‘कंटेन्स २ टक्के ऑर लेस ऑफ’ असं येतं. तिथे डोळे थांबवा, कारण अनियन पावडर आणि गार्लिक पावडर हमखास त्या शब्दांच्या पुढेच असतात. प्रमाण कमी वाटतं, पण पावडर म्हणजे पाणी काढून टाकलेला कांदा, त्यामुळे चिमूटभरही पुरते. खाली ठळक अक्षरांत अ‍ॅलर्जीची जी सूचना असते तिच्यावर विसंबू नका. अमेरिकेतल्या सक्तीच्या ९ अ‍ॅलर्जन्समध्ये कांदा आणि लसूण नाहीत.

यादीत अनियन ज्यूस कॉन्सन्ट्रेट, लीक (कांद्याच्या जातीची भाजी), मिरप्वा (mirepoix, चिरलेल्या भाज्यांचं मिश्रण, यात कांदा असतोच), नुसतंच ‘व्हेजिटेबल स्टॉक’, मध किंवा चिकरी रूट दिसलं तर खोका परत ठेवा. ‘नॅचरल फ्लेवर’ हा शब्द मोघम आहे. कंपनीला मेल करून ‘यात कांदा किंवा लसूण कोणत्याही रूपात आहे का’ एवढंच विचारा. स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत घेऊ नका. यीस्ट एक्स्ट्रॅक्टला मात्र उगाच घाबरू नका, फॉडमॅपच्या दृष्टीने ते सहसा चालतं. सीलिॲक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) असेल तर ते बार्लीपासून केलेलं नाही ना, तेवढं बघा.

सगळ्यात कमी डोकेदुखी म्हणजे मोनाश युनिव्हर्सिटी (हा आहार तयार करणारं ऑस्ट्रेलियातलं विद्यापीठ) किंवा ‘फॉडमॅप फ्रेंडली’ या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची मोहर असलेला माल. अमेरिकेत फोडी आणि गुर्मेंड या कंपन्या खास या आहारासाठी ब्रॉथ किंवा सूप बेस काढतात. महाग पडतात, पण पहिल्या काही आठवड्यांपुरता तो खर्च मला योग्य वाटतो. मोहर खोक्यावर लिहिलेल्या एका सर्व्हिंगपुरती असते, हे विसरू नका.

रक्तदाबही असेल तर सोडियम बघा. साध्या ब्रॉथच्या एका कपात ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम सहज असतं. ‘लो सोडियम’ म्हणजे एका सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅम किंवा कमी. ‘रिड्यूस्ड सोडियम’ म्हणजे त्याच मालाच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा किमान २५ टक्के कमी, म्हणजे तरीही बरंच असू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेला ब्रॉथ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

इंडियन ग्रोसरीत ‘जैन’ लिहिलेली सूपची पाकिटं मिळतात. त्यात कांदा-लसूण नसतो, ही मोठीच सोय. पण मैदा, दूध पावडर, मटार असं फॉडमॅप असलेलं दुसरं काही असू शकतं, म्हणून यादी तिथेही वाचायचीच.

मनासारखा ब्रॉथ मिळालाच नाही तर घरी करणं अवघड नाही. १ किलो चिकनची हाडं, अडीच लिटर पाणी, २ गाजरं, आल्याचा तुकडा, तमालपत्र, ८-१० मिरी आणि कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग (तेवढा चालतो). मंद आचेवर २ ते ३ तास ठेवा, गाळा, लवकर गार करा. फ्रिजमध्ये ३-४ दिवस टिकतो. जास्तीचा अर्ध्या-अर्ध्या कपाने फ्रीझ करा.

लसणाची चव हवी असेल तर फोडणी कामाला येते. तेलात अख्ख्या पाकळ्या बदामी होईपर्यंत परता, सगळ्या वेचून काढा, आणि मगच ब्रॉथ ओता. पाकळ्या तेलात असताना पाणी पडलं की फ्रुक्टान पाण्यात उतरलंच. ठेचलेला लसूण वापरू नका, कण मागे राहतात. असं तेल बाहेर साठवूही नका, त्यात बोट्युलिझमचा (जीवघेणी अन्नविषबाधा) धोका असतो. लागेल तेवढंच त्या वेळी करा.

सगळं टाळण्याचा हा कडक टप्पा २ ते ६ आठवड्यांचाच असतो. नंतर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने एकेक पदार्थ परत घालून बघायचा असतो. त्या काळातही ब्रॉथ बिनकांद्याचाच ठेवा, नाहीतर त्रास कशाने झाला हे कळणार नाही.