कीटकपेशींतील साखरेच्या साखळ्या: सुरुवातीला एवढे सांभाळा

ताळगावच्या पठारावर तुम्ही कीटकपेशींचे काम हाती घेतले, याचा मनापासून आनंद झाला. सगळ्या विकरांची नावे आत्ताच पाठ करू नका. पेशीतल्या गॉल्जी या अंगकात मॅनोसिडेज हे विकर प्रथिनावरची साखळी छाटते, एक ट्रान्सफरेज तिच्यावर एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामीन ही साखर चढवते आणि कीटकपेशींतील हेक्सोसॅमिनिडेज हे विकर नेमके तेच पुन्हा काढून टाकते. म्हणून मानवी पेशींतल्यासारखी टोकाच्या सायलिक आम्लापर्यंत वाढलेली साखळी न बनता बहुधा तीन मॅनोज साखरांची आखूड साखळी उरते, एवढे पक्के समजून घ्या.

नवख्यांची नेहमीची चूक अशी, की पीएनजीएज-एफ (साखळी प्रथिनापासून तोडणारे विकर) घालूनही जेलवर प्रथिनाची पट्टी खाली सरकली नाही, तर प्रथिनावर साखळी नाहीच असे ते ठरवून मोकळे होतात. साखळीच्या गाभ्यात अल्फा-१,३ जोडणीचे फ्यूकोज ही साखर असेल, जी हाय फाइव्ह या कीटकपेशींत अनेकदा सापडते, तर हे विकर ती तोडू शकत नाही. अशा वेळी ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करून पीएनजीएज-ए हे दुसरे विकर वापरावे. शिवाय:

- एसडीएस या डिटर्जंटने प्रथिन उलगडल्यावर एनपी-४० हे सौम्य डिटर्जंट घालायला विसरू नका, नाहीतर पीएनजीएज-एफच निकामी होते.
- शेजारी आरएनएज-बी (साखळी असल्याचे माहीत असलेले प्रथिन) दर वेळी लावा. तिची पट्टी सरकली, तरच विकर चालले असे माना.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी फार लवकर शिरते, त्यामुळे २७ अंशांवरचे फ्लास्क रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मास स्पेक्ट्रोमेट्रीचे नंतर बघू.