तळ्याच्या पाण्यावरून नोटीस आली तर

माशांच्या तळ्यातून बाहेर सोडलेल्या पाण्याने प्रदूषण होतं, अशी नोटीस आली तर आधी उत्तराची मुदत बघा: नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायची की हातात पडल्यापासून? पाकीट फेकू नका, शिक्क्यावरची तारीख कामाला येते.

खरी लढाई नमुन्यावर असते. नमुना कुठून घेतला, किती वाजता, बाटली बर्फात ठेवली होती का, हे लेखी मागा. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्या मापाचा) नमुना उन्हात तापला की आकड्यात अर्थ उरत नाही. तळं उपसताना शेवटच्या दहा-वीस टक्के पाण्यात बहुतेक गाळ येतो. नेमकी त्याच पाण्याने बाटली भरली असेल तर रोजच्या विसर्गाचं चित्र चुकीचंच दिसणार. पुढच्या वेळी त्याच नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद मागून घ्या आणि आत येणाऱ्या पाण्याचाही नमुना घ्यायला लावा. वरूनच घाण येत असेल तर ती तुमच्या माथी का?

तळ्यात पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी, दुपारी पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा) चढलेला. म्हणून नोंदवहीत वेळ हवीच. खाद्य, मरतूक, पाणीबदल रोज लिहा. एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येते!

उत्तर मुद्देसूद द्या, पोच घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आणि वाद चालू असला तरी निवळणीचं तळं (पाणी सोडण्याआधी गाळ खाली बसवायचं) खोदायला घ्या. सुनावणीत त्याचा फोटो बराच उपयोगी पडतो.