बेटावर जायचंय? आधी वारा विचारा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, "बेटांवरच्या सुट्टीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा." संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच हातात ठेवला. निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच: अमुक बेटावर जायला कोणता महिना चांगला? मालवाहू जहाजांवर २७ वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न अर्धाच वाटतो. बेटाच्या कुठल्या बाजूला, हा उरलेला अर्धा.

प्रश्न : आमचे मित्र गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस फुकेटला जाऊन आले. समुद्र शांत, आकाश निळं. त्यांच्या भरवशावर आम्ही याच दिवसांत थायलंडचंच को सामुई ठरवलंय, तिथे गर्दी कमी असते म्हणून. तिकिटं काढू ना?

थांबा, काढू नका.

नकाशा उघडा. थायलंडची खाली लोंबणारी चिंचोळी पट्टी दिसेल. फुकेट तिच्या पश्चिमेला, अंदमान समुद्रात. सामुई पूर्वेला, थायलंडच्या आखातात. साधारण मे ते ऑक्टोबर वारा नैर्ऋत्येकडून येतो. अंदमान समुद्रावरून येताना तो पाणी पिऊन येतो आणि फुकेट, क्राबी या बाजूला रिकामा होतो. सामुई तेव्हा डोंगरांच्या आड असतं. पाऊस तिथेही पडतो, पण सरी असतात, झड नसते. ऑक्टोबरनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून येऊ लागतो. आता भिजून येण्यासाठी त्याच्या वाटेत आखात आहे, आणि समोर पहिलं उभं आहे सामुई. नोव्हेंबर हा तिथला सर्वांत ओला महिना. तुमचे मित्र खरंच बोलले, फक्त ते दुसऱ्या समुद्राबद्दल बोलत होते.

नोव्हेंबरची अखेरच हवी असेल तर फुकेटला जा. सामुईचीच ओढ असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत दम धरा. एक जुनी सवय सांगतो : सरकार एखादी जागा कधी बंद ठेवतं ते बघावं. फुकेटच्या वायव्येची सिमिलान बेटं दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंद असतात. जाहिरातीपेक्षा ही तारीख जास्त खरं बोलते.

प्रश्न : आम्हाला रजा जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच मिळते. मुलं ६ आणि ९ वर्षांची. पाण्यात उतरली की बाहेर यायला तयार नसतात. जुलैत सगळीकडे पावसाळाच, मग घरीच बसायचं का?

घरी कशाला बसता? विषुववृत्त ओलांडा. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे दिवस. जुलैत हवेतला चिकटपणाही कमी असतो. झांझिबारचा मोठा पाऊस, ज्याला तिथे 'मासिका' म्हणतात, मेपर्यंत आटोपलेला असतो. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पोहायचं सोडून चालतच राहावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सर्वांत जास्त जाणवतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं हलत नाही. मुलांना ओहोटीच्या डबक्यांत तासन्‌तास खेळू द्यायचं असेल तर पूर्व किनारा उत्तमच. दिवसभर पोहायचं असेल तर उत्तरेचं नुंगवी किंवा केंदवा बघा. आणि विषुववृत्त ओलांडायचं नसेल, तर श्रीलंकेचा पूर्व किनारा आहेच. जुलैत कोलंबोच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा त्रिंकोमाली शांत असतं. त्याच्या दक्षिणेला पासिकुडा नावाचा उपसागर आहे. तिथे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. ६ वर्षांच्या मुलासोबत असताना मी तोच निवडेन.

मॉरिशसचा विचार चालला असेल तर माझी फजिती ऐका. निवृत्तीनंतरची पहिली सहल, महिना जुलै. फोटोतलं पाणी बघून मी पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल घेतलं. आयुष्यभर ज्या आग्नेय व्यापारी वाऱ्यांचा हिशेब करून जहाज हाकलं, ते जुलैत जोरात असतात आणि थेट याच किनाऱ्यावर येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नऊ दिवस वारा. पंचे दगडांखाली ठेवायचे, टोपी हातात धरायची, आणि समोर समुद्रभर पांढरे तुरे. काचेच्या तळाच्या होडीची फेरी दोनदा रद्द झाली. पाचव्या दिवशी बसने पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकला गेलो, तर तिथे पाणी ताटासारखं सपाट! बायको एवढंच म्हणाली, "जहाज असतं तर वळवलं असतंत. हॉटेल कसं वळवणार?"

तेव्हा जुलैत मॉरिशस असेल तर पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्या. तिथे तो हिवाळा असतो, पाणी थोडं गार लागेल. मुलांना त्याचं काही वाटत नाही.

प्रश्न : आठ दिवसांनी निघायचंय आणि फोनवर दहाही दिवस ढग, वीज, पाऊस दिसतोय. सहल रद्द करावी का?

त्या चित्रावरून नको. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर ते चित्र बारा महिने दिसू शकतं. त्याचा अर्थ एवढाच की चोवीस तासांत कधीतरी, आसपास कुठेतरी, एखादी सर येईल. जमीन तापते, दुपारी डोंगरावर ढग चढतात, अर्धा-पाऊण तास धो धो पडतं आणि संध्याकाळ धुतल्यासारखी लख्ख होते. सकाळी समुद्र, दुपारी झोप असा दिवस आखला की ती सर तुमच्या घोरण्यात वाहून जाते.

मी पाऊस शेवटी बघतो. आधी वाऱ्याचा वेग आणि दिशा, मग लाटांची उंची. वारा ११ ते १६ नॉट, म्हणजे ताशी साधारण २० ते ३० किलोमीटर, असला की लाटांवर पांढरे तुरे दिसू लागतात. १७ ते २१ झाला की छोट्या होडीतून प्रवाळ बघायला जाण्यात मजा उरत नाही. सलग तीन-चार दिवस जोराचा वारा आणि दिवसभराचा पाऊस एकत्र दिसत असेल, तर मात्र समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा बसलाय. तेव्हा फोन लावून तारखा बदलता येतात का ते विचारा. पाच दिवसांपलीकडच्या सरींचा अंदाज मी तरी वाचत नाही.

आणि अंदाज कुठल्या गावाचा आहे, तेही बघा. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलो गावात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी तो ३०० मिलिमीटरही भरत नाही. बेट एक, नाव एक. फोनला तुमचं हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते सांगितलंत का?

प्रश्न : ऑगस्टमध्ये मालदीव बऱ्यापैकी सवलतीत मिळतंय. पावसाळा आहे म्हणतात. जावं का?

निळ्याशार फोटोंसाठी जाणार असाल तर नका जाऊ; जानेवारी ते एप्रिल हा त्याचा काळ. वर सांगितलेली डोंगराच्या आडोशाची युक्ती इथे चालत नाही, कारण मालदीवला डोंगरच नाहीत. सगळी बेटं पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वर. पाऊस आला की सगळ्यांवर येतो. आडोसा मिळतो तो लाटांपासून, तोही प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात. खोली घेताना पूर्वेकडे तोंड असलेली मागा.

पण माशांचं वेड असेल तर जाच. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या दिवसांत प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात आणि प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पूर्वेच्या कडांवर जमतात. पाणी गढूळ होतं, आणि ती प्लवकं खायला महाकाय मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पर असलेले चपटे मासे, येतात. बा अटॉल या कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांच्या पूर्व कडेला हनीफारू नावाची छोटी खाडी आहे. जून ते नोव्हेंबर तिथे ते झुंडीनं फिरताना दिसतात. टाकी लावून बुडी मारायला तिथे बंदी आहे, नळी-मुखवटा लावून वरूनच पोहायचं. फोटोतल्या निळ्या पाण्यात हे दृश्य मिळत नाही.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. समुद्राची त्यांना हौस आहे, पण चक्रीवादळाच्या बातम्या पाहून धास्तावल्यात. वादळ येतच नाही असं बेट असतं का?

"येतच नाही" असं दर्यावर कुणी म्हणत नाही. पण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांत चक्रीवादळं क्वचितच तयार होतात, कारण पृथ्वीच्या फिरण्यानं वाऱ्याला जो पीळ बसतो तो तिथे फार कमी असतो. २००१ च्या डिसेंबरात सिंगापूरजवळ, विषुववृत्तापासून दीड अंशावर, 'वामेई' हे चक्रीवादळ उठलं तेव्हा सगळे चकित झाले होते, ते याचमुळे. सेशल्सची माहे, प्रालँ ही मुख्य बेटं याच शांत पट्ट्यात येतात. तिथे वारे फिरण्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिल किंवा ऑक्टोबरअखेरीस, समुद्र सर्वांत निवांत. मॉरिशस आणि फिजीचा वादळी काळ नोव्हेंबर ते एप्रिल. कॅरिबियनचा १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात सप्टेंबर सर्वांत वाईट. पण दक्षिणेची अरुबा, बोनेर आणि कुरसाओ ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेवर येत नाहीत.

विमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा सहसा त्या वादळाची भरपाई देत नाही. आणि मुक्काम छोट्या बेटावर असला, तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी, सकाळच्या बोटीनंच मुख्य बेटावर या. सकाळी समुद्र बहुधा नरम असतो, आणि बोट रद्द झालीच तर दुपारची बोट आणि एक रात्र हाताशी राहते. सासूबाईंना बोटीत मागच्या बाजूला, मध्यावर बसवा. पुढे सर्वांत जास्त आपटतं.